राजकन्या मार्गारेट

युरोपचा नकाशा समोर घ्या. फ्रान्सच्या उत्तरेला समुद्राच्या काठी बेल्जियम आणि नेदरलँड्स असे दोन लहान देश दिसतील. पाचशे वर्षांपूर्वी या साऱ्या सखल प्रदेशाला मिळून नेदरलँड्स म्हणत. प्रदेश लहान, पण संपत्ती अफाट. गेन्ट, ब्रुज, अँटवर्प या शहरांतील कापड आणि तेथील व्यापारी साऱ्या युरोपात प्रसिद्ध होते. अशा मुलखावर शेजारच्या राजांचा डोळा असणारच.

या मुलखातील ब्रुसेल्स शहरात १० जानेवारी १४८० रोजी मार्गारेटचा जन्म झाला. तिची आई मेरी ही स्वतःच्या हक्काने तेथील सत्ताधीश होती. वडील मॅक्सिमिलियन ऑस्ट्रियाचे राजपुत्र होते आणि पुढे ते सम्राट झाले. मार्गारेटला फिलिप नावाचा थोरला भाऊ होता. ती दोन वर्षांची असताना तिची आई शिकारीला गेली, घोड्यावरून पडली आणि त्या दुखण्यातून उठली नाही.

आईच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी, म्हणजे १४८२ मध्ये, फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याशी तह झाला. मार्गारेटचे लग्न त्याचा मुलगा शार्ल याच्याशी व्हावे आणि हुंडा म्हणून दोन मोठे प्रांत फ्रान्सला मिळावेत, असे त्या तहात ठरले. मॅक्सिमिलियनला हा तह मनापासून मान्य नव्हता. गेन्ट शहराच्या पुढाऱ्यांनी तो त्याच्या गळ्यात बांधला होता. मुलीचे मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ती तेव्हा नुकती बोलायला शिकत होती!

१४८३ च्या जून महिन्यात फ्रान्समधील अम्ब्वाझ येथे समारंभ झाला. वधू तीन वर्षांची होती आणि वराला तेरावे वर्ष संपत आले होते. दोनच महिन्यांनी लुई वारला. शार्ल 'आठवा शार्ल' म्हणून गादीवर बसला आणि ही एवढीशी मुलगी फ्रान्सची राणी म्हणवली जाऊ लागली. दासी, शिक्षक, उंची वस्त्रे, सारे काही तिच्यापाशी होते. ती वाचायला शिकली, वाद्ये वाजवायला शिकली. फ्रेंच हीच तिची भाषा झाली. राजा लहान असल्याने राज्याचा कारभार त्याची थोरली बहीण अ‍ॅन पाहत असे. बाई राज्य कसे चालवते, हे मार्गारेटने त्या घरात लहानपणीच पाहिले.

आता एक चमत्कारिक गोष्ट ऐका. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचे स्वतंत्र राज्य होते. त्याची वारस अ‍ॅन नावाचीच एक तरुण मुलगी होती. १४९० मध्ये तिचे लग्न मार्गारेटच्या वडिलांशी, म्हणजे मॅक्सिमिलियनशी झाले होते, आणि तेही वकिलामार्फत. निकाहात वकील असतो हे तुम्हांला माहीत आहे. तेथील राजघराण्यांत तर वर शेकडो मैल दूर असला तरी त्याच्या वकिलाबरोबर लग्न लावून देत. पण फ्रान्सला ब्रिटनी हवी होती. शार्लने सैन्य पाठवले, ब्रिटनीला वेढले आणि डिसेंबर १४९१ मध्ये अ‍ॅनशी स्वतःच लग्न केले. म्हणजे त्याने एकाच वेळी बापाची वधू घेतली आणि लेकीला टाकले. ख्रिस्ती धर्माच्या कायद्याप्रमाणे बारा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मुलीचे लग्न पक्के धरत नसत. मार्गारेटला बारावे पुरे व्हायला महिनाभर उरला होता. त्यामुळे शार्लला मोकळे होणे सोपे गेले.

तिला लगेच घरी पाठवले असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. मुलीला पाठवायचे तर हुंड्यात आलेले प्रांतही परत द्यावे लागणार होते. म्हणून दीड वर्ष ती फ्रान्समध्येच अडकून पडली. पूर्वी राणी म्हणून मुजरे झेलणारी मुलगी आता कोणाचीच कोणी नव्हती. शेवटी १४९३ मध्ये नवा तह झाला आणि तेराव्या वर्षी ती मायदेशी परतली. फ्रान्सने केलेला हा अपमान ती विसरली नाही, असे तिच्या पुढच्या आयुष्याकडे पाहून वाटते.

दुसरे लग्नही तहातूनच निघाले. स्पेनमध्ये तेव्हा फर्डिनांड आणि इसाबेला हे राजा-राणी होते. ग्रनाडा ऊर्फ गरनाता शहराचे नाव तुम्ही उर्दूत वाचले असेल. स्पेनमधील मुसलमानांचे ते शेवटचे राज्य १४९२ मध्ये जिंकणारे हेच दोघे. फ्रान्सच्या विरोधात मैत्री पक्की करण्यासाठी दोन्ही घराण्यांनी साटेलोटे केले. फिलिपला स्पेनची राजकन्या हुआना आणि मार्गारेटला स्पेनचा युवराज हुआन. १४९७ च्या हिवाळ्यात मार्गारेट जहाजाने निघाली. वाटेत भयंकर वादळ उठले. जहाज बुडणार असे सगळ्यांना वाटले. सोबतच्या स्त्रिया रडू लागल्या. तेव्हा या सतरा वर्षांच्या मुलीने आपल्याच थडग्यावर लिहिण्यासाठी दोन ओळी रचल्या आणि प्रेत सापडल्यास ओळख पटावी म्हणून मनगटाला बांधून ठेवल्या, असे सांगतात. त्या ओळींत तिने आपल्या दोन लग्नांची थट्टा केली होती. मरण दारात आले असताना हसणे सर्वांना जमत नाही.

जहाज वाचले. एप्रिलमध्ये बुर्गोस शहरात थाटाने लग्न लागले. हुआन आणि मार्गारेट एकमेकांना फार आवडले. पण ऑक्टोबरमध्ये हुआनला ताप आला आणि १९ व्या वर्षी तो वारला. मार्गारेट तेव्हा गरोदर होती. काही काळाने ती बाळंत झाली, पण मूल हाती लागले नाही. यानंतर तिला कधीच मूल झाले नाही. सासूसासऱ्यांनी तिला मायेने वागवले, पण स्पेनमध्ये आता तिचे काय उरले होते? १५०० च्या सुरुवातीला ती घरी परतली. त्याच वेळी फिलिप आणि हुआना यांना मुलगा झाला होता. त्याचे नाव चार्ल्स. बाप्तिस्म्याच्या वेळी मार्गारेट त्याची धर्ममाता झाली. हे बाळ लक्षात ठेवा.

पुढच्याच वर्षी तिसरे लग्न झाले. आल्प्स पर्वताच्या कुशीत सव्हॉय नावाचे राज्य होते. तेथील ड्यूक फिलिबेर तिच्याच वयाचा, देखणा आणि शिकारीचा शौकीन होता. राज्यकारभारात त्याचे मन रमत नसे. त्याचा सावत्र भाऊ रने सारी सूत्रे हलवत होता. मार्गारेटने थोड्याच दिवसांत रनेला दूर केले आणि कारभार आपल्या हाती घेतला. ड्यूक शिकारीला जाई, ती कागदपत्रे पाही, आणि दोघेही सुखात होते. हे सुख तीन वर्षे पुरले नाही. १५०४ च्या सप्टेंबरात फिलिबेर उन्हातान्हात शिकार करून आला, घामाघूम असताना थंडगार पाणी प्याला आणि आजारी पडला, असे सांगतात. काही दिवसांतच तो गेला. मार्गारेट तेव्हा २४ वर्षांची होती.

घरच्यांनी पुन्हा तिच्या लग्नाचे मनावर घेतले. इंग्लंडचा राजा सातवा हेन्री विधुर होता आणि पन्नाशीला आला होता. १५०६ मध्ये फिलिपने त्याच्याशी तहही करून टाकला. वडिलांनी आग्रह केला. राजकारणाच्या दृष्टीने सौदा उत्तम होता. मार्गारेटने नकार दिला. तुम्ही सांगाल तिथे मी तीनदा गेले, आता नाही, असाच त्या नकाराचा अर्थ होता. वडील पुन्हा पुन्हा विचारत राहिले आणि ती पुन्हा पुन्हा नाही म्हणत राहिली. १५०९ मध्ये हेन्री वारला तेव्हा तो विषय मिटला.

मुलींनो, तुम्ही विचाराल की तीनदा गप्प बसलेली ही बाई चौथ्यांदा बोलू कशी शकली? एक तर आता ती जाणती झाली होती. शिवाय विधवेचा हक्क म्हणून सव्हॉयचे काही प्रांत आणि त्यांचे उत्पन्न तिला मिळत होते. भावाच्या दारात हात पसरायची तिला गरज नव्हती. धर्माचा कायदा वधूची संमती मागतो. आपल्याकडे निकाहात मागतात, ख्रिस्ती धर्मातही मागत. पण ज्या मुलीच्या हाती ना वय आहे ना पैसा, तिच्या 'होय' ला काय म्हणायचे, हा प्रश्न मला हे चरित्र वाचताना सतत पडत राहिला.

याच काळात फिलिप एकाएकी स्पेनमध्ये वारला. हुआना स्पेनमध्येच राहिली. त्यांची चार मुले मात्र नेदरलँड्समध्ये होती. सात वर्षांचा चार्ल्स आणि त्याच्या बहिणी एलिनॉर, इसाबेला आणि मेरी. मॅक्सिमिलियनने १५०७ मध्ये मार्गारेटला नेदरलँड्सची कारभारीण नेमले आणि नातवंडे तिच्या स्वाधीन केली. मेखलेन या लहानशा शहरात तिने आपला दरबार थाटला. वाड्यात जवळजवळ ४०० ग्रंथ होते, चित्रे होती, पुढे मेक्सिकोहून आलेल्या नवलाच्या वस्तूही आल्या. यान व्हॅन आइक याने १४३४ मध्ये काढलेले एका जोडप्याचे चित्र तिच्या संग्रही होते. ते आता लंडनला आहे. जर्मन चित्रकार ड्यूरर १५२१ मध्ये तिला भेटला आणि तिच्या वडिलांचे आपण काढलेले चित्र भेट देऊ लागला. तिला ते आवडले नाही, आणि तिने ते घेतले नाही! थोर कलावंताला तोंडावर नाही म्हणणारी ही बाई मला फार आवडते.

तिने व्यापाराला जपले आणि शेजाऱ्यांशी शक्य तेथे तह केले. सगळेच काही कौतुकाचे नव्हते. तिच्याच अमदानीत १५२३ मध्ये ब्रुसेल्स येथे दोन साधूंना नव्या धर्ममतांसाठी जिवंत जाळण्यात आले. १५१५ मध्ये चार्ल्स सज्ञान झाला, तेव्हा त्याच्या सल्लागारांनी तिला बाजूला सारले. तिने आपल्या कारभाराचा हिशेब भर सभेत मांडला आणि ती गप्प राहिली. चार वर्षांनी तोच चार्ल्स स्पेनचा राजा आणि जर्मनीचा सम्राट होता. नेदरलँड्स सांभाळायला त्याला आत्याचीच आठवण झाली.

आणि त्या तीन भाच्यांचे काय झाले? त्यांची लग्ने आजोबांनी आणि नंतर चार्ल्सने ठरवली. मेरीला १५१४ मध्ये, आठव्या वर्षी, सासरच्या दिशेने पूर्वेला रवाना केले. तिचा नियोजित वर हंगेरीचा राजपुत्र होता. इसाबेला चौदा वर्षांची असताना डेन्मार्कला गेली. एलिनॉर पोर्तुगालच्या वयस्क राजाला दिली. अम्ब्वाझचे दिवस भोगलेल्या मार्गारेटने या मुलींना वाढवले आणि एकेकीला निरोप दिला. स्वतःसाठी तिने नकार मिळवला होता, त्यांच्यासाठी तिला तो मिळवता आला नाही.

तिचे सर्वांत मोठे काम १५२९ चे. चार्ल्स आणि फ्रान्सचा राजा फ्रान्सिस यांची वर्षानुवर्षे लढाई चालली होती. फ्रान्सिस एकदा कैद झाला होता. सुटकेच्या बदल्यात त्याचे दोन लहान मुलगे स्पेनमध्ये ओलीस होते. दोन्ही राजे इतके चिडले होते की समोरासमोर बोलणे अशक्य होते. तेव्हा फ्रान्सिसची आई लुईझ आणि चार्ल्सची आत्या मार्गारेट कांब्रे शहरात भेटल्या. लुईझ ही फिलिबेरची बहीण, म्हणजे मार्गारेटची नणंद. लहानपणी अ‍ॅनच्या घरात दोघींनी एकमेकींना पाहिलेले होते. दोघींची निवासस्थाने एका झाकलेल्या वाटेने जोडली होती. जुलैभर नणंद-भावजय खलबते करत होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला तह झाला. फ्रान्सने २० लाख सुवर्णमुद्रा द्याव्यात आणि मुलांना सोडावे, असे ठरले. लोकांनी त्याला 'स्त्रियांचा तह' असे नाव दिले. त्या तहात आणखी एक कलम होते. विधवा झालेल्या एलिनॉरचे फ्रान्सिसशी लग्न व्हावे! ज्या फ्रान्सने मार्गारेटला टाकले, तेथेच तिची भाची राणी होऊन गेली.

१५३० च्या अखेरीस मार्गारेटच्या पायाची जखम चिघळली. पाय कापावा असे वैद्यांनी ठरवले, पण त्याआधीच १ डिसेंबर रोजी तिचा मृत्यू झाला. शेवटच्या पत्रात तिने चार्ल्सला फ्रान्स व इंग्लंडशी शांतता राखण्यास सांगितले.

तिच्या जागी चार्ल्सने मेरीला आणले. तीच, आठव्या वर्षी रवाना झालेली. ती आता विधवा होती आणि तिनेही पुन्हा लग्न केले नाही. इसाबेलाची मुलगी क्रिस्टिना आईच्या पश्चात मार्गारेटच्याच घरी वाढली होती. १५३३ मध्ये चार्ल्सने अकरा वर्षांच्या क्रिस्टिनाचे लग्न मिलानच्या अडतीस वर्षांच्या ड्यूकशी ठरवले. मुलगी फार लहान आहे, असे मेरीने भावाला लेखी कळवले. चार्ल्सने ऐकले नाही.

फिलिबेरच्या आठवणीसाठी मार्गारेटने १५०६ मध्ये फ्रान्सच्या आजच्या हद्दीतील ब्रू येथे मठ आणि चर्च बांधायला घेतले होते. ते १५३२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर पुरे झाले. तेथे पतीजवळ तिला पुरले आहे. तिच्या समाधीवर दोन मूर्ती आहेत. वरच्या मूर्तीत ती राजवस्त्रे ल्यालेली प्रौढ स्त्री आहे. खालच्या मूर्तीत ती तरुण आहे. तिचे केस मोकळे आहेत आणि पाय अनवाणी आहेत.