मिस शिलिंगची चकती

कार्बोरेटरवाली बाइक चालवलेल्यांना रिच मिक्श्चर माहीत असतं: पेट्रोल जास्त, हवा कमी, काळा धूर आणि गाडी बंद. १९४० साली ब्रिटिश स्पिटफायर विमानांचं हेच व्हायचं, तेही ऐन लढाईत! वैमानिकाने झटकन नाक खाली केलं की इंजिन आधी पेट्रोलवाचून अडखळायचं, मग पेट्रोलच्या पुराने गुदमरायचं. जर्मन मेसरश्मिटना फ्युएल इंजेक्शन, त्या खुशाल सूर मारून निसटायच्या.

उपाय काढला बिॲट्रिस शिलिंगबाईंनी. जन्म १९०९, वडील खाटीक. चौदाव्या वर्षी मोटरसायकल घेतली, मँचेस्टरला इंजिनिअरिंग केलं आणि १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन ताशी १०० मैलांच्या वर पळवली. फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेत त्या कार्बोरेटरच पाहायच्या. त्यांनी पेट्रोलच्या वाटेत भोक असलेली छोटी पितळी टोपी बसवली, पुढे तिचीच चपटी चकती झाली. पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल आत, जास्त नाही! आम्ही सॉफ्टवेअरवाले ह्याला 'पॅच' म्हणतो. १९४१ मध्ये छोटी टीम घेऊन बाई विमानतळोविमानतळी फिरल्या. उलटं उडताना पेट्रोल तुटायचं ते मात्र राहिलंच, त्यासाठी १९४३ चा प्रेशर कार्बोरेटर यावा लागला.

बाई १९६९ पर्यंत फार्नबरोतच होत्या. युद्धानंतर मोटारींच्या शर्यतीही केल्या. १९९० मध्ये वारल्या.