कमरेवरच्या काळ्या पट्ट्याचे रहस्य उलगडणारे डॉ. खानोलकर

धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी, घट्ट बसते. वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावांपासून कोकणापर्यंत शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हेच वस्त्र नेसून शेतात घाम गाळला. कमरेवर उमटणारा काळसर पट्टा कष्टाची खूण समजून कोणी मनावर घेत नसे. या पट्ट्यातून क्वचित प्रसंगी त्वचेचा कर्करोग उद्भवतो, हे जगापुढे ठळकपणे मांडण्याचे श्रेय डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे जाते. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात १३ एप्रिल १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी घेऊन ते मायदेशी परतले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

भारतात कर्करोग फारसा होत नाही, असा समज त्या काळी रूढ होता. खानोलकरांनी रुग्णांच्या नोंदी आणि काचपट्टीवरील पेशी यांचा मेळ घालायला सुरुवात केली. रुग्ण कोणत्या प्रांतातून आला, काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, याची विचारपूस त्यांना तपासणीइतकीच मोलाची वाटे. डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी रोजच्या सवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे तीन भारतीय प्रकार नोंदवले. चुना मळलेली तंबाखू ओठामागे धरून ठेवणाऱ्यांचा खैनी कर्करोग, चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा चुट्टा कर्करोग आणि कमरेच्या त्वचेचा धोतर कर्करोग.

गोऱ्या कातडीच्या लोकांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमुख कारण सूर्यप्रकाश असते. सावळ्या त्वचेला तिच्यातील रंगद्रव्याचे संरक्षण मिळते. धोतर कर्करोगाची वाट मात्र निराळी असते. घट्ट गाठीचा दाब, घाम, धूळ आणि अखंड घर्षण यांमुळे त्वचेचा रंग पालटतो, ती जाड होते, खपल्या धरते आणि अखेर न भरणारा व्रण होतो. वेळीच ध्यानात आल्यास शस्त्रक्रियेने तो भाग काढून रुग्ण बरा होऊ शकतो. उपेक्षा झाली, तर रोग जांघेतील गाठींपर्यंत पसरतो. म्हणजे रुग्णाचे वाचणे पुष्कळसे वेळेवर अवलंबून असते आणि वेळ पाळण्यासाठी आधी कारण ठाऊक असावे लागते.

कारण शोधायचे तर पैसा लागतो. रुग्णाच्या खाटेसाठी देणारे हात पुष्कळ असतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या कामासाठी थोडे. त्याचे फळ दिसायला दशके लागतात आणि देणगीदाराला दाखवण्याजोगे काही लगेच हाती येत नाही. पत्नी मेहेरबाई यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाल्यावर सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये त्या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला होता. टाटांच्याच दानातून परळचे रुग्णालय उभे राहिले. त्यापुढचे पाऊल सरकारचे होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले आणि खानोलकर त्याचे संस्थापक-संचालक झाले. कर्करोग संशोधनाला देशात प्रथमच स्वतंत्र घर मिळाले.

या घरात त्यांनी माणसेही घडवली. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे याच केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. रक्तगट आणि कुष्ठरोग हेही खानोलकरांच्या अभ्यासाचे विषय होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू ही पदे त्यांनी भूषवली. परळचे रुग्णालय आणि संशोधन संस्था १९६६ मध्ये टाटा मेमोरियल सेंटर या नावाखाली एकत्र आल्या. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकरांचे निधन झाले.

धोतर नेसणारे आज कमी झाले, तरी त्यांनी दाखवलेला धोका संपलेला नाही. परकराच्या नाडीमुळे आणि घट्ट नेसलेल्या लुगड्यामुळे कमरेवर कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांची हकिगत वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. उपाय साधा आहे. नाडी सैल बांधावी, गाठीची जागा बदलत राहावी आणि कमरेवरची जखम काही आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावी. इतका साधा उपाय सांगता यावा, यासाठी कोणाला तरी आयुष्यभर काचपट्ट्या तपासाव्या लागल्या आणि त्या कामाचा खर्च कोणीतरी उचलावा लागला. खानोलकरांचे चरित्र वाचताना याचे स्मरण राहिले, तर संशोधनासाठी पुढे येणारे हात थोडे अधिक होतील.