ताराराणींची तिसरी शपथ

सिंहगडावर तुम्ही कितीदा गेलायत? आपल्या मुळशीतून तो काही लांब नाही, त्यामुळे पावसाळ्यातला एक रविवार ठरलेलाच. झुणका-भाकरी, मडक्यातलं दही, तानाजी कडा, फोटो, की उतरलो खाली. गडावर राजाराम महाराजांची समाधी आहे, तिच्यासमोर थांबणारे मात्र फार थोडे. मार्च १७०० मध्ये ते याच गडावर गेले. तेव्हा त्यांच्या राणी ताराबाई पंचविशीच्या होत्या, म्हणजे एमएच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या तुमच्या ताईएवढ्या.

यापुढचं तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलेला. ताराबाईंनी चार वर्षांच्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. बादशहा एकेक किल्ला घेत सुटला. १७०१ ला पन्हाळा, १७०३ ला सिंहगड, १७०४ ला राजगड आणि तोरणा. मराठे किल्ला झुंजवायचे, पावसाळा तोंडावर आला की पैसे घेऊन सोडायचे आणि मोगल फौज पुढे सरकली की परत घ्यायचे. तिकडे मराठी घोडदळ नर्मदा ओलांडून माळव्यात धुमाकूळ घालत होतं. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला आणि सिलॅबसमधल्या ताराबाईही तिथेच संपल्या.

पण त्या त्यानंतर चोपन्न वर्षं जगल्या! आणि त्यांची खरी लढाई घरातल्यांशीच झाली.

दरबारी राजकारण त्यांना माहेरूनच ठाऊक होतं म्हणा. वडील सरसेनापती हंबीरराव मोहिते, आत्या सोयराबाई. १६८० मध्ये सोयराबाईंनी राजारामांना गादीवर बसवायचा घाट घातला, तेव्हा हंबीरराव सख्ख्या बहिणीला सोडून संभाजीराजांच्या बाजूला गेले. पुढे ताराबाई त्याच सोयराबाईंच्या सूनबाई झाल्या.

तर १७०७. मोगलांनी संभाजीराजांचे पुत्र शाहू यांना सोडलं. लहानपणी पकडलेला मुलगा आता पंचविशीचा होऊन परत येत होता. हक्क कुणाचा? थोरल्या शाखेच्या शाहूंचा, की जिने सात वर्षं राज्य टिकवलं तिच्या मुलाचा? ताराबाईंनी जाहीर केलं की हा शाहू तोतया आहे. सरदारांना दूधभातावर हात ठेवून निष्ठेची शपथ घ्यायला लावली असं सांगतात.

ती टिकली नाही. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमाकाठी खेडला लढाई झाली आणि सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. मला मात्र धनाजींपेक्षा शंकराजी नारायण सचिव जास्त आठवतात. राजगड, तोरणा, सिंहगड हा आपल्याकडचा सगळा मुलूख त्यांच्या ताब्यात. ताराबाईंना शब्द दिलेला, आणि समोरून शाहू येतायत, म्हणजे शिवाजी महाराजांचा नातूच. शपथ मोडवेना, त्याच्यावर तलवारही उचलवेना. शेवटी त्यांनी भोरजवळ अंबवड्याला जलसमाधी घेतली. गादीच्या भांडणात शपथ इतक्या गंभीरपणे घेणारा दुसरा माणूस मला तरी सापडला नाही.

शाहू साताऱ्यात छत्रपती झाले. ताराबाईंनी हार मानून गप्प बसावं ना? त्यांनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली, तीच पुढे कोल्हापूरची. १७१४ मध्ये तिथेही उलथापालथ झाली. सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजीला गादीवर आणलं आणि ताराबाई मुलासह कैदेत गेल्या. तो मुलगा कैदेतच वारला. पुढे कोल्हापूरकरांचा पराभव झाला तेव्हा त्या शाहूंच्या माणसांच्या हाती लागल्या. परत पाठवू का, असं शाहूंनी विचारलं. कैदच भोगायची तर साताऱ्याची बरी, असं म्हणून त्या तिथेच राहिल्या. ज्याला तोतया म्हटलं त्याच्याच छत्राखाली.

आता थेट १७४९. शाहू मरणाला टेकलेले, पोटी मुलगा नाही. आणि पंच्याहत्तरीला आलेल्या ताराबाईंनी एक गोष्ट बाहेर काढली, माझा नातू जिवंत आहे! राजसबाईंच्या भीतीनं लपवून वाढवलेला, नाव रामराजा. लोकांना पटेना. तेव्हा त्यांनी फौजेसमोर त्याच्या पंक्तीला बसून जेवण घेतलं आणि त्या अन्नाची शपथ घेऊन सांगितलं की हा माझाच नातू. रामराजा छत्रपती झाले.

पण कारभार कुणाचा? नानासाहेब पेशव्यांना तो पुण्यात हवा होता, ताराबाईंना साताऱ्यात. नवऱ्याच्या समाधीचं दर्शन घ्यायचं म्हणून त्या सिंहगडावर गेल्या. खरा बेत होता त्या वेळच्या सचिवांना आपल्या बाजूला ओढायचा, शंकराजींच्याच घराण्यातल्या! तो जमला नाही. मग नोव्हेंबर १७५० मध्ये चंपाषष्ठीच्या निमित्तानं त्यांनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावलं, पेशव्यांच्या तंत्रानं चालू नकोस म्हणून समजावलं. ते बधले नाहीत. ताराबाईंनी किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. छत्रपती आजीच्या कैदेत.

पेशवे निजामाच्या मुलखात अडकले होते. ताराबाईंनी गुजरातेतून दमाजी गायकवाडांना बोलावलं. ते आले, साताऱ्याजवळ निंबला पेशव्यांच्या फौजेला त्यांनी हरवलंही. पण नानासाहेब धावत परतले आणि एप्रिल १७५१ मध्ये दमाजी पकडले गेले. किल्ल्यावरची शिबंदी बिथरली, तर बाईंनी बंडाच्या म्होरक्याचं, आनंदराव जाधवाचं, डोकं उडवलं. वय शहात्तर.

१७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर पेशव्यांशी समेट झाला. तिथे त्यांनी शपथेवर सांगितलं की रामराजा माझा नातू नाही.

म्हणजे आधी अन्नावर हात ठेवून हो, आता देवासमोर नाही. यातली एक शपथ खोटी, हे तर उघड आहे. अनेक जण इथे त्यांना कारस्थानी म्हातारी ठरवून मोकळे होतात. मला वाटतं, औरंगजेबाला दमवणाऱ्या आणि नातवाला कोंडणाऱ्या ताराबाई वेगळ्या नव्हत्याच. गादीमागची सत्ता आपल्या हातून सुटू द्यायची नाही, एवढं एकच त्या दोन्ही वेळा करत होत्या. आपण पहिल्या वेळेला पराक्रम म्हणतो, कारण समोर मोगल होता.

त्या शपथेनंतर नानासाहेबांनी काय करावं? छत्रपती खोटे निघाले म्हटल्यावर गादी दुसऱ्याला द्यायला हवी होती. त्यांनी काहीच बदललं नाही. रामराजांना तसंच ताराबाईंच्या पहाऱ्यात ठेवलं आणि शिक्के-कट्यार, वस्त्रं, आज्ञापत्रं त्यांच्याच नावानं चालू राहिली. राजा खरा की खोटा याची पुण्याला आता गरजच उरली नव्हती.

जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब पुण्यात पर्वतीवर वारले. ताराबाई त्यांच्यानंतरही सहा महिने राहिल्या आणि डिसेंबरात, शहाऐंशीव्या वर्षी साताऱ्यात गेल्या. समाधी संगम माहुलीला, कृष्णेच्या काठी आहे. आजीनंच शपथेवर नाकारलेले रामराजा मात्र त्यानंतरही सोळा वर्षं, १७७७ पर्यंत छत्रपती होते.