नकार पचवणारी परिचारिका : मेरी सीकोल

चाकूरसारख्या गावातली आपली एखादी लेक जीएनएम पूर्ण करते आणि मग लातूर-नांदेडच्या दवाखान्यांचे उंबरठे झिजवते. सगळीकडे अनुभव मागतात, पण अनुभव घ्यायला जागा कुणी देत नाही. अशा लेकींसाठी आज आम्ही मेरी सीकोल यांची आठवण करतोय.

त्यांचा जन्म 1805 मध्ये जमैकातल्या किंग्स्टनचा. आई जडीबुटीने उपचार करायची, सेवेचं शिक्षण घरातच मिळालं. 1850 मध्ये किंग्स्टनला आणि पुढे पनामात त्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांची सेवा केली.

1854 मध्ये क्रिमियाचं युद्ध पेटलेलं होतं. उस्मानी तुर्कांच्या बाजूने ब्रिटन रशियाशी लढत होता, जखमींसाठी परिचारिका हव्या होत्या. मेरीबाई लंडनला गेल्या. युद्ध खात्याने नाही म्हटलं, नाइटिंगेल यांच्या परिचारिका निवडणाऱ्यांनीही नाही म्हटलं. आपला सावळा रंगच आड येतोय का, अशी शंका त्यांना आली.

मग त्या स्वखर्चाने निघाल्या. 1855 मध्ये बालाक्लावाजवळ ‘ब्रिटिश हॉटेल’ उघडलं. तिथे जेवण मिळे, औषध मिळे. रणांगणावर जाऊन त्या मलमपट्टीही करत. युद्ध संपलं आणि त्यांचं दिवाळं निघालं. तेव्हा सैनिकांनीच पुढाकार घेऊन 1857 मध्ये त्यांच्यासाठी निधी जमवला. 14 मे 1881 रोजी त्यांचं निधन झालं. 2016 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला.

पालकांना आमची एवढीच विनंती : नोकरी लागेपर्यंत लेकीला टोमणे नकोत, साथ द्या. नकार म्हणजे नालायकी नव्हे.