टिळकांचे घर आणि लक्ष्मीबाईंचा हिशेब

नांदेडला काय, लातूरला काय, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने टाळ-तबल्यावर म्हणणारी ख्रिस्ती घरे मला भेटली आहेत. साधेपणाची गोष्ट निघाली की तिथे पहिले नाव टिळकांचेच. मी मात्र बँकेत जन्म घालवलेला माणूस. साधेपणा म्हटला की मला आधी घरखर्चाची वही आठवते.

टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुढे नगरला संसार पुन्हा उभा राहिला आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या.

त्या नगरच्या घरात पैसा टिकत नसे. हाती आला की त्याला पाय फुटत. कोणी गरजू दिसला की टिळकांचा खिसा मोकळा! आलेला पाहुणा घरचाच होऊन जाई. बालकवी ठोंबरेही तिथे राहिले. ख्रिस्ती व्हायचे म्हणून साहेबी थाट कशाला, हा टिळकांचा आग्रह. म्हणूनच त्यांनी कीर्तन आणि भजन चर्चमध्ये नेले.

पण उद्याची चूल कशी पेटणार, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याचा. नवऱ्याचे औदार्य त्यांच्या काटकसरीवर उभे होते. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सारे हसत हसत सांगितले आहे, पण त्या हसण्याखाली किती रात्रींची काळजी असेल! माझ्या मते साधेपणाचे निम्मे श्रेय त्या माउलीचे. एकट्याने फकीर होणे सोपे. संसार सांभाळून फकिराबरोबर राहणे अवघड.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगाराची नोकरीही सोडली, भगवी वस्त्रे घेतली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या प्रत्येक भक्ताला तिथे जागा होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाने ठरलेला पगार सोडणे म्हणजे काय, हे पेन्शनीची वाट पाहणाऱ्या घरांना सांगायला नको.

९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले. मागे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.