दोन्ही बाजू शिकविणारा शिक्षक

शिक्षकाने विद्यार्थ्याला काय द्यावे, स्वतःची मते की मते तपासून पाहण्याची रीत? १८३१ च्या एप्रिल महिन्यात कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळापुढे हा प्रश्न एका शिक्षकाच्या नोकरीच्या रूपाने उभा राहिला. त्या शिक्षकाने नुकतीच वयाची २२ वर्षे पूर्ण केली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे निधन झाले. तरीही भारतातील आधुनिक शिक्षणाचा इतिहास हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ या नावाला वगळून लिहिता येत नाही.

डेरोझिओ यांचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात झाला. घराणे पोर्तुगीज वंशाचे, पण भारतीय मातीत रुजलेले. राज्यकर्ते इंग्रज अशा घराण्यांना आपले मानीत नसत आणि एतद्देशीय समाजही त्यांना परकेच समजत असे. या दोन्ही काठांच्या मधे वाढलेल्या मुलाला धर्मतला अकादमीत डेव्हिड ड्रमंड हे स्कॉटिश शिक्षक लाभले. ड्रमंड स्वतः कवी होते आणि स्वतंत्र विचारांसाठी ओळखले जात. त्यांच्या शाळेत युरोपीय, मिश्रवंशीय आणि भारतीय मुले एकाच बाकावर बसत. तत्कालीन कलकत्त्यात हे दृश्य दुर्मीळ होते.

वयाच्या चौदाव्या वर्षी डेरोझिओ यांचे शालेय शिक्षण संपले. काही काळ त्यांनी वडील नोकरीस असलेल्या पेढीत कारकुनी केली. नंतर ते भागलपूर येथे नातलगाच्या निळीच्या मळ्यावर गेले. गंगेकाठच्या त्या मुक्कामात त्यांच्या कवितेला बहर आला. ‘इंडिया गॅझेट’ या पत्रातून त्यांच्या कविता प्रसिद्ध होऊ लागल्या आणि ते पुन्हा कलकत्त्यास परतले. १८२६ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, हिंदू कॉलेजात इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकविण्यासाठी त्यांची नेमणूक झाली.

२० जानेवारी १८१७ रोजी सुरू झालेल्या या संस्थेत केवळ हिंदू मुलांनाच प्रवेश होता. म्हणजे ज्या कॉलेजात डेरोझिओ शिक्षक झाले, तेथे विद्यार्थी म्हणून त्यांना पाऊलही ठेवता आले नसते. त्यांच्यापुढे बसलेली मुले शहरातील उच्चवर्णीय घरांतील होती. त्यांतील काही तर शिक्षकाहून जेमतेम तीन-चार वर्षांनी लहान होती. गुरू-शिष्यांतील हे अंतर इतके कमी असल्यानेच कदाचित त्या वर्गात संवादाला जागा मिळाली.

पाठ्यपुस्तकाचे वाचन आणि पाठांतर हीच त्या काळी अध्यापनाची रूढ पद्धत होती. डेरोझिओ यांनी ती मोडली. एखादा विधिनिषेध योग्य का, त्याला पुरावा कोणता, त्याविरुद्ध काय म्हणता येईल, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच शोधावे, अशी त्यांची अपेक्षा असे. वर्गाची वेळ या कामास अपुरी पडू लागली, तेव्हा १८२८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन’ ही वादसभा स्थापन झाली. पुढे माणिकतला येथील एका बागबंगल्यात तिच्या बैठका भरत. दैव आणि प्रयत्न, सत्य, सद्गुण, देशप्रेम, मूर्तिपूजा, ईश्वराच्या अस्तित्वाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे युक्तिवाद असे विषय तेथे चर्चेला येत. घड्याळांचा व्यवसाय सोडून शिक्षणकार्याला वाहून घेतलेले डेव्हिड हेअर या सभांना आस्थेने येऊन बसत. १८३० मध्ये विद्यार्थ्यांनी ‘पार्थेनॉन’ नावाचे पत्र काढले. पहिल्याच अंकात स्त्रीशिक्षणासारख्या विषयावर लिहिले गेले आणि कॉलेजच्या चालकांनी पुढचा अंक निघू दिला नाही.

एव्हाना शहरात खळबळ माजली होती. मुले घरी देवपूजेविषयी प्रश्न विचारू लागली, खाण्यापिण्याचे निर्बंध झुगारू लागली. काही पालकांनी आपली मुले कॉलेजातून काढून घेतली. या तरुणांकडून अतिरेक झाला नाही, असे म्हणता येणार नाही. १८३१ च्या ऑगस्टमध्ये कृष्णमोहन बॅनर्जी यांच्या घरी जमलेल्या मित्रांनी गोमांस खाऊन हाडे शेजारच्या घरात फेकली. त्यापायी कृष्णमोहन यांना घर सोडावे लागले. रूढी मोडण्याचा आवेश आणि रूढीची चिकित्सा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांना हा भेद प्रत्येक वेळी पाळता आला नाही.

ही घटना घडली तेव्हा मात्र डेरोझिओ कॉलेजात नव्हते. २३ एप्रिल १८३१ रोजी व्यवस्थापक मंडळाची बैठक झाली. राधाकांत देव आणि रामकमल सेन ही सनातनी मंडळी त्यांना काढून टाकण्याच्या बाजूने होती. तरुणांना शिकविण्यास डेरोझिओ अपात्र आहेत काय, या प्रश्नावर बहुमत त्यांच्या विरोधात गेले नाही. त्यानंतर प्रश्न बदलला. हिंदू समाजातील क्षोभ पाहता त्यांना दूर करणे इष्ट ठरेल काय, असे विचारले गेले आणि यावेळी बहुमत त्यांच्याविरुद्ध पडले. हा हिंदू समाजाच्या भावनेचा विषय असल्याने होरेस हेमन विल्सन आणि डेव्हिड हेअर या दोघा युरोपीय सदस्यांनी त्यावर मत दिले नाही. डेरोझिओ यांना बाजू मांडण्याची संधी मिळालीच नाही. दोन दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला आणि आपले म्हणणे ऐकून न घेताच निर्णय झाल्याचे त्यात स्पष्टपणे नोंदविले.

विल्सन यांनी त्यांना पत्र लिहून लोकांत पसरलेल्या तीन आरोपांविषयी विचारणा केली. ईश्वराचे अस्तित्व ते नाकारतात काय, आईवडिलांचा आदर हे कर्तव्य नाही असे ते शिकवितात काय आणि भावंडांमधील विवाह त्यांना निर्दोष वाटतो काय? तिसरा आरोप त्यांनी पूर्णपणे खोटा म्हणून फेटाळला. दुसऱ्यासंबंधी त्यांनी आपल्याच विद्यार्थ्यांचे दाखले दिले. वडिलांचा जाच असह्य होऊन घर सोडू पाहणाऱ्या दक्षिणारंजन मुखर्जी यांना आपणच परावृत्त केले होते, हे त्यांनी कळविले.

पहिल्या आरोपाचे उत्तर शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. ईश्वराविषयीच्या शंका आपण वर्गात मांडल्या, हे डेरोझिओ यांनी लपविले नाही. डेव्हिड ह्यूम यांच्या ग्रंथातील क्लीअँथिस आणि फायलो यांचा वाद त्यांनी मुलांना समजावून दिला होता. त्याचबरोबर थॉमस रीड आणि ड्यूगल्ड स्ट्युअर्ट यांनी ह्यूमला दिलेली उत्तरेही शिकविली होती. केवळ एकच बाजू सांगून मुलांना आंधळे अनुयायी बनविणे त्यांना मान्य नव्हते. ईश्वरावर श्रद्धा ठेवणारे जसे आपल्या वर्गातून निघाले, तसेच न ठेवणारेही निघाले आणि या दोहोंचे श्रेय वा अपश्रेय एकट्या शिक्षकाच्या माथी मारता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

नोकरी गेल्यावर त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे दैनिक सुरू केले. २६ डिसेंबर १८३१ रोजी पटकीच्या विकाराने त्यांचे निधन झाले. कोलकात्याच्या साऊथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

त्यांच्या शिकवणीची खरी परीक्षा पुढे झाली. ‘यंग बंगाल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या शिष्यांनी एकच वाट धरली नाही. कृष्णमोहन बॅनर्जी यांनी १८३२ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. रामतनू लाहिरी यांनी जानवे उतरविले आणि आयुष्यभर शिक्षकी केली. रामगोपाल घोष व्यापारात आणि सार्वजनिक जीवनात गाजले. प्यारीचाँद मित्र बंगाली कादंबरीच्या आद्य लेखकांत गणले गेले. राधानाथ सिकदर यांचे नाव एव्हरेस्टच्या उंचीच्या गणिताशी कायमचे जोडले गेले. १८३८ मध्ये यांतीलच अनेकांनी ज्ञानार्जनासाठी नवी सभा स्थापन केली. गुरूने मते वाटली असती, तर सारे शिष्य एका साच्यातून निघाले असते.

ही चळवळ कलकत्त्यातील इंग्रजी शिकलेल्या मूठभर कुटुंबांच्या पलीकडे फारशी पोहोचली नाही, ही तिची मर्यादा होती. परंतु हिंदू कॉलेजचे १८५५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेज आणि २०१० मध्ये विद्यापीठ झाले, तरी तेथील परंपरेत डेरोझिओ यांचे स्थान अढळ राहिले आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचारांवर भर देण्यात आला आहे. अभ्यासक्रमात तसे नमूद करणे सोपे आहे. अवघड आहे ते शिक्षकाने स्वतःला न पटणारी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडणे आणि मुलांच्या प्रश्नांनी घरात अस्वस्थता निर्माण झाली, तर संस्थेने त्या शिक्षकाचे म्हणणे आधी ऐकून घेणे. १८३१ मध्ये हिंदू कॉलेजच्या शिक्षकाने आपल्या वाट्याचे काम केले होते. कॉलेजच्या चालकांनी ते केले नाही.