रेने ड्रेफस आणि बर्फात कसाला लागलेली मोटार

ड्रेफस हे आडनाव आपल्या लोकांना नवे नाही. कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांच्यावर १८९४ साली फ्रान्समध्ये देशद्रोहाचा खोटा आळ आला. तो पुसला जायला १९०६ साल उजाडले. आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते रेने ड्रेफस त्यांचे नातेवाईक नव्हेत; पण त्या आडनावाचे ओझे त्यांनाही वाहावे लागले.

रेने यांचा जन्म ६ मे १९०५ रोजी नीस येथे झाला. वडील यहुदी, आई कॅथलिक. मोटारींचे वेड लहानपणापासूनचे. १९३० साली मोनाकोच्या शर्यतीत त्यांनी आपल्या बुगाटीत पेट्रोलची जादा टाकी बसवली. प्रतिस्पर्धी पेट्रोल भरण्यास थांबला, तेव्हा हे पुढे निघून गेले आणि जिंकले.

पुढे जर्मनीत हिटलर आला. तेथील बलाढ्य मोटार संघांत यहुदी आडनावाच्या चालकाला जागा मिळणे शक्य नव्हते. आपल्या शास्त्राप्रमाणे वंश आईकडून मोजतात, पण नाझींना आडनाव पुरे होते. आपण खरे यहुदी की नाही हे दुसऱ्यांनी ठरवावे, याचे दुःख बेने इस्राएलांनी १९६४ पर्यंत इस्राएलात सोसले आहे, म्हणून ही गोष्ट आपल्याला अधिक लागते.

अशा वेळी लूसी ओ'राइली शेल या श्रीमंत अमेरिकन बाई पुढे आल्या. त्यांना मॉन्टे कार्लो रॅलीचा छंद होता. त्या काळी ऐन जानेवारीत युरोपच्या दूरदूरच्या शहरांतून मोटारी निघत आणि रात्रंदिवस बर्फाळ घाटांतून वाट काढत मॉन्टे कार्लोला पोहोचत. तेथे नुसता वेग कामाचा नसे. गाडी न मोडता ठरल्या वेळी ठाण्यावर हजर व्हावे लागे. १९३६ साली लूसीबाई व त्यांचे पती लॉरी डेलाहे गाडीतून दुसरे आले; १९३७ साली डेलाहेनेच रॅली जिंकली. ही कंपनी मालमोटारी आणि आगीचे बंबही बनवी, तेव्हा गाड्यांचा दणकटपणा सांगायलाच नको. बाईंनी याच कंपनीकडून शर्यतीची गाडी करून घेतली व ती रेने यांच्या हाती दिली.

१० एप्रिल १९३८ रोजी फ्रान्समधील पो गावी शंभर फेऱ्यांची शर्यत झाली. मर्सिडीझची ताकद कितीतरी जास्त, पण तिला तेल फार लागे. ती मध्ये भरण्यास थांबली. रेने एकदाही थांबले नाहीत. आठ वर्षांपूर्वीचेच गणित पुन्हा जुळले आणि ड्रेफस नावाचा माणूस हिटलरच्या अभिमानाच्या गाडीला हरवून गेला.

१९४० साली लूसीबाईंच्या संघातर्फे ते अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीला आले. तोच फ्रान्स पडला आणि परतीची वाट बंद झाली. त्यांनी येथेच पोटापाण्याचा उद्योग शोधला, अमेरिकन सैन्यात नोकरी केली आणि १९४५ साली ते येथले नागरिक झाले. पुढे बंधू मॉरिस यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ल शाँतक्लेर हे उपाहारगृह चालवले. मोटार शर्यतींच्या लोकांचा तो अड्डाच बनला.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी ते निवर्तले. परक्या देशात नव्याने संसार मांडणे म्हणजे काय, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. रेने यांनी ते केले आणि आपले आडनाव मात्र बदलले नाही. आमच्या मते पो येथील विजयाइतकेच हेही मोठे आहे.